अपघाताची भरपाई आणि "चूक तुमचीपण होती": वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी जिल्हा कोर्टात अपघाताचे क्लेम चालवतो आणि गेली काही वर्षं लोक मेसेज करून जे विचारतात त्यात एक वाक्य सारखं येतं, "तसं बघितलं तर आमच्या माणसाचीपण थोडी चूक होती, मग काही मिळेल का?" हे वाक्य बऱ्याचदा त्यांचं स्वतःचं नसतंच. समोरच्या गाडीवाल्याने हॉस्पिटलच्या बाहेर, कधी चौकीवर कुणीतरी, कधी घरातल्याच काकांनी डोक्यात भरवलेलं असतं, आणि तेवढ्यावर लोक केसच टाकत नाहीत किंवा मिळेल त्या रकमेवर सही करून मोकळे होतात. म्हणून ही प्रश्नोत्तरं. सगळं मुख्यतः रस्त्यावरच्या अपघातांबद्दल आहे, शेवटाकडे लोकल आणि खड्डे पण घेतलेत. तुमच्या केसचे कागद बघितल्याशिवाय नेमकं कुणीच सांगू शकत नाही, तेवढं लक्षात ठेवून वाचा.

१. माझीपण थोडी चूक होती. मग भरपाई मिळतच नाही का?

मिळते. तुमच्या चुकीचा जेवढा वाटा कोर्ट धरेल तेवढी रक्कम कापली जाते, बाकीची मिळते. दहा लाख बसत असतील आणि तुमची चूक ३० टक्के धरली तर सात लाख. फार जुन्या इंग्रजी कायद्यात कसं होतं की जखमी माणसाची थोडी जरी चूक निघाली तरी दावा पूर्ण बाद, आणि तीच समजूत अजून लोकांच्या तोंडी आहे, पण आपल्याकडची कोर्टं कित्येक वर्षं वाटा काढूनच निकाल देतात.

दुसरी गोष्ट, आणि ही मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. नियम मोडला म्हणजे अपघाताला तुम्ही जबाबदार असं आपोआप होत नाही. तो नियम मोडल्यामुळे अपघात झाला का, किंवा इजा वाढली का, हे दाखवावं लागतं आणि ते दाखवायचं काम समोरच्याचं असतं. खालचे निम्मे प्रश्न ह्याच एका गोष्टीभोवती फिरतात.

२. पोलीस केस चालू आहे, मग वेगळा दावा कशाला?

पोलीस केस म्हणजे सरकार विरुद्ध ड्रायव्हर. हयगयीने गाडी चालवल्याबद्दल त्याला शिक्षा व्हावी की नाही एवढाच तिथं प्रश्न. त्यातून तुम्हाला हॉस्पिटलच्या बिलाचा एक रुपया येत नाही. भरपाईसाठी मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे, ज्याला कोर्टात सगळे एमएसीटी म्हणतात, मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम १६६ खाली अर्ज करावा लागतो.

अर्ज कुठं करायचा तर जिथं अपघात झाला तिथं, तुम्ही राहता किंवा कामधंदा करता तिथं, किंवा समोरचा राहतो तिथं, तिन्हीपैकी कुठंही. अपघात नागपूरला झाला आणि तुम्ही साताऱ्यात राहता तर दर तारखेला नागपूरला पळायची गरज नाही.

आणि पुराव्याची पट्टी वेगळी असते. फौजदारी कोर्टात निःसंशय सिद्ध करावं लागतं, इथं कुठली गोष्ट घडली असण्याची शक्यता जास्त आहे एवढं पुरतं. त्यामुळे ड्रायव्हर तिकडे निर्दोष सुटला तरी तुमचा क्लेम त्यामुळे पडत नाही. "तो सुटला, आता संपलं" म्हणून घरी बसू नका.

३. किती दिवसांत अर्ज करायचा?

१ एप्रिल २०२२ पासून कायद्यात सहा महिन्यांची मुदत आलीय, अपघाताच्या तारखेपासून. ह्या मुदतीला सुप्रीम कोर्टात आव्हान दिलेलं आहे आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये कोर्टाने अंतरिम आदेश दिला की हा विषय तिथं प्रलंबित असेपर्यंत केवळ मुदत संपली ह्या कारणाने दावे फेटाळू नयेत. पण त्याच्या भरवशावर राहू नका, सहा महिन्यांच्या आत टाकायचाच असं धरून चाला. आणि उशीर झालेला असेल तरी हातपाय गाळू नका, आजच वकिलाला भेटा.

पोलिसांनी पण आता ४८ तासांत प्राथमिक अहवाल आणि ९० दिवसांत सविस्तर अपघात अहवाल न्यायाधिकरणाला द्यायचा असतो. तो गेला का, त्यात तुमच्याबद्दल काय लिहिलंय, हे तपास अधिकाऱ्याला जाऊन विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. विचारा.

४. वकील "कॉन्ट्रिब्युटरी" आणि "कंपोझिट" असं काहीतरी म्हणतात, फरक काय?

हा फरक कळला की अर्धी लढाई कळली, म्हणून जरा सावकाश.

कॉन्ट्रिब्युटरी म्हणजे जखमी माणसाची स्वतःची चूकपण अपघाताला कारण आहे. तुम्ही बाईक चालवत होता, न बघता मेन रोडला आलात, आणि डंपर पण भरधाव होता. इथं तुमचा वाटा कापला जाणार.

कंपोझिट म्हणजे चुका दोघांच्या किंवा तिघांच्या आहेत, पण त्यात तुम्ही नाही. तुम्ही रिक्षात मागे बसलाय, रिक्षा आणि टेम्पो एकमेकांवर आदळले, रिक्षावाल्याची चूक ४० आणि टेम्पोवाल्याची ६० टक्के. तुमची शून्य. अशा वेळी तुमचं काहीही कापायचं नसतं, आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे पूर्ण रक्कम दोघांपैकी कुणाही एकाकडून वसूल करता येते, मग त्या दोघांनी आपापसात काय तो हिशोब करावा. सुप्रीम कोर्टाने २०१५ मध्ये हे अगदी स्पष्ट केलंय. टेम्पोचा इन्शुरन्स आहे आणि रिक्षाचा संपलाय तर टेम्पोच्या कंपनीकडून सगळे घ्या.

गडबड कुठं होते, तर कंपनीचे वकील प्रवाशाच्या केसमध्ये सुद्धा "कॉन्ट्रिब्युटरी" हाच शब्द वापरत राहतात आणि कधीकधी निकालातपण रिक्षावाल्याचे ४० टक्के प्रवाशाच्या रकमेतून कापले जातात. असं झालं असेल तर अपील करा (प्रश्न १८).

५. टक्के कोण आणि कशावरून ठरवतं? काही तक्ता आहे का?

तक्ता नाही. न्यायाधीश पुरावा बघून ठरवतात, म्हणूनच दोन सारख्या दिसणाऱ्या केसमध्ये वेगळे आकडे येतात आणि म्हणूनच पुरावा नीट ठेवणं एवढं गरजेचं.

एक खरी केस सांगतो. जानेवारी २०१७, कोइंबतूर. इंजिनीअरिंगचा विद्यार्थी बाईकवर, पुढं एक कार हायवेवर अचानक थांबली कारण गाडीतल्या गरोदर बायकोला उलटी होत होती, पोरगा कारला मागून धडकून पडला आणि मागून येणारी बस त्याच्या अंगावरून गेली. पाय गेला. न्यायाधिकरणाने कारवाल्याला सोडून दिलं आणि पोराची २० टक्के चूक धरली, हायकोर्टाने पोराची चूक ३० वर नेली, आणि जुलै २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने कार ५०, बस ३०, पोरगा २० असं ठरवलं. घरचं कारण कितीही खरं असलं तरी हायवेवर मागच्यांना इशारा न देता मध्येच ब्रेक मारणं ही मोठी चूक आहे, असं कोर्टाने म्हटलं. पोराचे २० कशाचे, तर पुढच्या गाडीपासून अंतर ठेवलं नाही आणि लायसन्स नव्हतं. तेवढे कापून त्याला सुमारे ९१ लाख मिळाले. एकच अपघात, तेच कागद, आणि तीन कोर्टांत तीन वेगळे हिशोब.

मग कोर्ट बघतं काय? घटनास्थळाचा पंचनामा आणि नकाशा, गाड्यांचे डॅमेज कुठल्या बाजूला, ब्रेकच्या खुणा, आरटीओचा तपासणी अहवाल, सीसीटीव्ही, बघितलेली माणसं, आणि समोरचा ड्रायव्हर साक्षीला आला का. हे शेवटचं विसरू नका. ज्याने "चूक ह्यांची" म्हटलं तोच पिंजऱ्यात येऊन सांगायला तयार नसेल तर कंपनीची ती बाजू लंगडी पडते.

६. पंचनाम्यात आणि एफआयआरमध्ये माझीच चूक लिहिलीय. आता?

हा प्रश्न खूप वेदनेने विचारला जातो, कारण तुम्ही आयसीयूत असता तेव्हा समोरचा चौकीवर बसून फिर्याद देऊन मोकळा झालेला असतो. ड्रायव्हर वारला असेल तर त्याच्यावरच गुन्हा दाखवून "अबेटेड समरी" (आरोपीच हयात नाही म्हणून केस बंद करायचा अहवाल) करून फाईल बंद, हे पण होतं.

एफआयआर हा एक कागद आहे, शेवटचा शब्द नाही. न्यायाधिकरण स्वतंत्रपणे बघतं. केवळ अपघातानंतर गाड्या कुठं पडल्या होत्या ह्या नकाशावरून मृताची चूक ठरवता येत नाही, थेट पुरावा लागतो, असं सुप्रीम कोर्टाने २०१३ मध्ये सांगितलंय. धडकेनंतर गाडी फिरून दुसऱ्या लेनला जातेच ना.

करायचं काय तर शुद्धीवर आल्याबरोबर तुमचा जबाब नोंदवायचा आग्रह धरा, नाही घेतला तर पोलीस अधीक्षकांना लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. ज्या दुकानाच्या किंवा पेट्रोल पंपाच्या कॅमेऱ्यात आलं असेल तिथं घरच्या कुणालातरी त्याच आठवड्यात पाठवा, रेकॉर्डिंग फार दिवस राहत नाही. माझ्याकडे आलेल्या कितीतरी केसमध्ये एवढं एक काम झालं असतं तर पुढचे चार वर्षांचे हेलपाटे वाचले असते.

७. हेल्मेट नव्हतं. सगळे म्हणतात क्लेम गेला.

नाही गेला. हेल्मेट सक्तीचं आहे, कलम १२९, आणि नाही घातलं तर दंड आहे, ते तुम्ही भरा. पण हेल्मेट नव्हतं म्हणून ट्रक तुमच्यावर आला नाही. अपघाताचं कारण वेगळं आणि इजेचं कारण वेगळं.

पाय मोडला असेल तर हेल्मेटचा विषयच येत नाही आणि कुणी आणला तर तुमच्या वकिलाने तिथल्या तिथं अडवला पाहिजे. डोक्याला मार असेल तर मात्र काही कोर्टं थोडी टक्केवारी कापतात, काही कापत नाहीत, ह्यात एकवाक्यता नाही हे प्रामाणिकपणे सांगतो. कापायचं असेल तरी हेल्मेट असतं तर ही इजा झाली नसती किंवा कमी झाली असती हे डॉक्टरच्या साक्षीतून यायला पाहिजे, नुसतं म्हणून नाही.

आणि एक विनंती, हेल्मेट नसेल तर साक्षीत "होतं" म्हणू नका. पंचनाम्यात हेल्मेट मिळाल्याची नोंद नसते, उलटतपासणीत ते बाहेर येतं, आणि मग तुमचं बाकीचं खरं बोलणंपण कोर्टाला खोटं वाटायला लागतं.

८. लायसन्स नव्हतं / ट्रिपल सीट होतो. पन्नास टक्के कापणार का?

वर प्रश्न १ मध्ये म्हटलं तेच इथं. लायसन्स नसणं हा गुन्हा आहे, पण तेवढ्यानेच अपघातात तुमची चूक ठरत नाही हे सुप्रीम कोर्टाने २००८ पासून म्हटलंय. ट्रिपल सीटबद्दल २०२० चा निकाल आहे, हायकोर्टाने १० टक्के कापले होते ते सुप्रीम कोर्टाने परत दिले, कारण तिघं बसल्यामुळे तोल गेला आणि धडक झाली असा काही पुरावाच नव्हता, मागून आलेल्या कारने उडवलं होतं.

पण दुसरी बाजूपण ऐका. प्रश्न ५ मधल्या पोराच्या २० टक्क्यांत लायसन्स नसणं धरलंच गेलं, कारण सोबत अंतर न ठेवण्याची खरी चूक होती. म्हणजे एकटं ते पुरत नाही, पण दुसऱ्या चुकीच्या जोडीला आलं तर वजन वाढवतं.

समोरच्या ड्रायव्हरकडे लायसन्स नसेल तर? त्यात तुमचं नुकसान नको म्हणून कोर्ट बहुतेक वेळा इन्शुरन्स कंपनीला आधी तुम्हाला द्यायला लावतं आणि मग कंपनीने मालकाकडून वसूल करायचं.

९. पोस्टमॉर्टेममध्ये दारूचा वास लिहिलाय.

कंपन्या ह्यावर फार जोर देतात आणि घरची माणसं लाजेने गप्प बसतात. वरच २०१३ च्या ज्या निकालाचं म्हटलं त्यात हेपण होतं. पोटात दारूचा वास होता, तरी त्यावरून गाडी हयगयीने चालवली असा निष्कर्ष काढता येत नाही असं कोर्ट म्हणालं. रक्ताची तपासणी होऊन प्रमाण मर्यादेच्या वर आलं असेल आणि गाडी चुकीच्या बाजूला गेल्याचा पुरावापण असेल तर वाटा धरला जाईल, तो भाग वेगळा. नुसता वास पुरत नाही.

१०. रात्री उभ्या ट्रकला किंवा उसाच्या ट्रॉलीला मागून धडकलो. मागून धडकणाऱ्याचीच चूक ना?

हंगाम सुरू झाला की कोल्हापूर, सांगली, सातारा, नगर, सोलापूरकडून हाच प्रश्न. उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या जोडलेल्या, मागं ना दिवा ना रिफ्लेक्टर, आणि पंक्चर झालं की रस्त्यातच दगड लावून उभ्या.

मागच्याने अंतर ठेवावं हा नियम खराच आहे आणि चालत्या गाडीला मागून ठोकलं तर तुमच्याकडे बोट येणारच. पण अंधारात, टेल लाईट किंवा पार्किंग लाईट न लावता, मागं कसलाही इशारा न ठेवता गाडी रस्त्यात सोडणं ही चूक त्या गाडीवाल्याची आहे. २०१८ च्या केसमध्ये रस्त्यात उभा टँकर होता, समोरून येणाऱ्या गाडीच्या प्रकाशाने कारवाल्याचे डोळे दिपले आणि तो टँकरवर गेला, हायकोर्टाने ५०-५० केलं होतं, सुप्रीम कोर्टाने पूर्ण चूक टँकरची ठरवली. २०२४ मध्ये हायवेवर सोडलेल्या ट्रकच्या बाबतीत पुन्हा तेच, आणि सोबत हेपण म्हटलं की कार चालवणाऱ्याची चूक असली तरी ती आत बसलेल्यांच्या माथी मारता येत नाही.

तुमच्या हातात काय आहे तर फोटो. ट्रॉलीच्या मागच्या बाजूचे, रिफ्लेक्टर नसल्याचे, लाईटच्या वायरी तुटलेल्या असल्याचे, त्याच रात्री किंवा सकाळी उजाडायच्या आत. दुसऱ्या दिवशी तिथं लाल पट्टी चिकटवलेली सापडते.

११. समोरासमोर धडक झाली की नेहमी ५०-५० असतं का?

नेहमी नाही. दुसरा काहीच पुरावा नसला की ५०-५० ची सवय आहे एवढंच. एक गाडी आपली बाजू सोडून आली होती हे डॅमेजवरून किंवा साक्षीदाराकडून दाखवता आलं तर १०० टक्के तिचीच. छोटी गाडी आणि मोठी गाडी असेल तर मोठ्या गाडीने जास्त सांभाळायला पाहिजे हापण विचार कोर्टं करतात. आणि समोर अचानक संकट आल्यावर घाबरून स्टिअरिंग चुकीकडे वळलं तर तेवढ्यावरून चूक धरत नाहीत, एका क्षणात कुणी शांत डोक्याने विचार करेल अशी अपेक्षा कायदापण करत नाही.

१२. मी नवऱ्याच्या मागे बसले होते, चूक त्यांचीपण निघाली. माझे पैसे कापतील का?

नाही ताई, तुमचे नाही. गाडी तुम्ही चालवत नव्हता, तुमच्यासाठी हा कंपोझिटचाच प्रकार (प्रश्न ४). त्यांचा स्वतःचा क्लेम असेल तर त्यांचा वाटा त्यांच्या रकमेतून जाईल.

फक्त एक अडचण आहे. तुमच्या बाईकची नुसती थर्ड पार्टी पॉलिसी (कायद्याने सक्तीची तेवढीच) असेल तर त्यात मागे बसणारा येत नाही, पॅकेज म्हणजे पूर्ण संरक्षणाची पॉलिसी असेल तर येतो. म्हणून दावा टाकताना दुसऱ्या गाडीचा मालक आणि तिची इन्शुरन्स कंपनी पार्टी केलीच पाहिजे.

१३. सहा वर्षांचं पोरगं रस्त्यावर पळत आलं. आईबापाची चूक म्हणून कापतात का?

एवढ्या लहान मुलाला रस्त्याचा अंदाज नसतो, त्यामुळे त्याची स्वतःची चूक कोर्टं धरत नाहीत. उलट शाळा, वस्ती, यात्रा अशा ठिकाणी मूल येऊ शकतं हे गृहीत धरून हळू जायची जबाबदारी ड्रायव्हरची. "लक्ष का नाही ठेवलं" असं जे आईला ऐकवतात त्यांना ते ऐकवू द्यायचं नाही, एवढंच माझं म्हणणं.

१४. प्रत्यक्षात हिशोब कसा होतो? एक उदाहरण द्या ना.

समजा ३२ वर्षांचा रिक्षाचालक, महिना १८,००० कमाई, पायाला कायमचं अपंगत्व आणि त्याच्या कामावर परिणाम ३० टक्के. स्वतःचा धंदा आणि वय चाळीसच्या आत म्हणून पुढं कमाई वाढली असती ह्याचे ४० टक्के मिळवायचे (२०१७ चा प्रणय सेठी निकाल), झाले २५,२००. वर्षाचे ३,०२,४००. वय ३१ ते ३५ ला गुणक, म्हणजे वर्षाच्या कमाईला ज्याने गुणायचं तो आकडा, १६ (२००९ चा सरला वर्मा निकाल), झाले ४८,३८,४००. त्याचे ३० टक्के म्हणजे १४,५१,५२०.

त्यात औषधपाण्याची बिलं समजा २,१०,०००, चार महिने घरी बसला त्याचे ७२,०००, वेदनेचे १,००,०००, आणि खाणंपिणं, येणंजाणं, सोबतीला माणूस ह्याचे ४०,०००. एकूण १८,७३,५२०. त्याची चूक २० टक्के धरली तर ३,७४,७०४ गेले आणि १४,९८,८१६ राहिले, वर व्याज.

इथं बघा, सर्टिफिकेटवरचं अपंगत्व आणि कमाईवरचा परिणाम हे वेगळे आकडे असतात. पायाचं अपंगत्व कारकुनाला १५ टक्के नडेल आणि गवंड्याला ७० टक्के. लोक चूक कुणाची किती टक्के ह्यावरच भांडत बसतात आणि ह्या दुसऱ्या टक्क्याकडे दुर्लक्ष होतं, ज्यात बऱ्याचदा जास्त पैसे असतात.

माणूस गेला असेल तर अपंगत्वाचा टक्का नसतो, त्याऐवजी त्याचा स्वतःचा खर्च कापतात, घरात दोन-तीन जण अवलंबून असतील तर एक तृतीयांश, चार ते सहा असतील तर एक चतुर्थांश. त्याच्या चुकीचा वाटा वारसांच्या रकमेतून जातो. आणि मेडिक्लेममधून बिलं मिळाली असली तरी ती वजा करायची नाहीत असं मुंबई हायकोर्टाच्या पूर्णपीठाने मार्च २०२५ मध्ये सांगितलंय, तो हप्ता तुम्ही भरला होता.

१५. पूर्ण चूक आमच्याच माणसाची होती, दुसरी गाडीपण नव्हती. काहीच नाही का?

कलम १६६ खाली नाही. स्वतःच्या हयगयीने गेलेल्याचे वारस त्याच्याच गाडीच्या कंपनीकडून थर्ड पार्टीचे पैसे मागू शकत नाहीत, जुलै २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने पुन्हा तेच म्हटलंय. मित्राची गाडी मागून नेली असेल तरी तुम्ही मालकाच्या जागी धरले जाता.

पण पॉलिसी काढून वाचा. मालक स्वतः चालवत असेल तर १५ लाखांचं अपघात संरक्षण असतं, त्यात चूक बघत नाहीत, मात्र चालवणाऱ्याकडे चालू लायसन्स लागतं. हे पैसे मागायचे असतात हेच कित्येक घरांना माहीत नसतं.

चूक न बघता मिळणारे अजून दोन रस्ते आहेत. दुसऱ्या गाडीने धडक दिली असेल तर कलम १६४ खाली मृत्यूला ५ लाख आणि गंभीर दुखापतीला अडीच लाख, कुणाची चूक हे सिद्ध करायचं नाही, पण हे घेतलं की १६६ चं सोडावं लागतं, म्हणून आधी प्रश्न १४ सारखा हिशोब मांडा. आणि उडवून पळून गेलेली गाडी सापडलीच नाही तर मृत्यूला २ लाख, गंभीर इजेला ५०,०००, त्याचा अर्ज प्रांत किंवा तहसीलदार कार्यालयात.

१६. लोकलच्या दारातून पडलो. दारात उभा होतो ही माझीच चूक ना?

रेल्वेचा कायदा वेगळा आहे आणि इथं तो प्रवाशाच्या बाजूने आहे. कलम १२४अ मध्ये निष्काळजीपणाचा वाटा काढायचाच नसतो. आत्महत्या, मुद्दाम करून घेतलेली इजा, स्वतःचा गुन्हा, नशा किंवा वेड, आजारपण, एवढेच अपवाद. गर्दीत दारात उभं राहणं किंवा चढताउतरताना पाय घसरणं त्यात बसत नाही, सुप्रीम कोर्टाने २०१० आणि २०१८ मध्ये हे सांगितलंय. मृत्यूला ८ लाख, इजेला यादीप्रमाणे, अर्ज रेल्वे दावा न्यायाधिकरणात एका वर्षात. पास किंवा तिकीट जपून ठेवा, खरा प्रवासी होता हे दाखवावं लागतं, तिकीट सापडलं नाही तर शपथपत्र करून बाकीचा पुरावा द्यावा लागतो. रूळ ओलांडताना झालं असेल तर मात्र हे कलम लागत नाही.

१७. खड्ड्यामुळे पडलो, दुसरी गाडीच नव्हती.

१३ ऑक्टोबर २०२५ ला मुंबई हायकोर्टाने आदेश दिलाय, खड्डा किंवा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाला तर ६ लाख आणि जखमीला इजेप्रमाणे ५०,००० ते अडीच लाख. त्यासाठी समित्या नेमायला सांगितलंय, महापालिका हद्दीत आयुक्त आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव. खड्ड्याचा फोटो त्याच दिवशी, शेजारी ओळखता येईल असं दुकान किंवा खांब येईल असा काढा, दोन दिवसांत खडी टाकून बुजवतात.

१८. कंपनी म्हणते "तुमची ५० टक्के चूक, लोकअदालतीत निम्म्यावर मिटवा". घ्यावं का? आणि निकाल वाईट लागला तर?

लोकअदालत वाईट नाही, पैसे लवकर मिळतात. पण तिथल्या तडजोडीवर अपील नाही, सही केली की संपलं. म्हणून आधी वकिलाला विचारा, ५० टक्के कशावरून? त्यांच्याकडे साक्षीदार आहे का, ड्रायव्हर येणार आहे का, की नुसता नकाशा आहे (प्रश्न ६)? उत्तर नसेल तर ते ५० टक्के म्हणजे घासाघीस आहे, कायदा नाही. मी स्वतः अशा टेबलावर बसलोय आणि विधवा बाई मान खाली घालून "चालेल" म्हणताना बघितलंय, फक्त कुणीतरी आठ महिने त्यांना "तुमच्या मिस्टरांचीच चूक" ऐकवलं म्हणून. तारीख पुढची मागून घ्या, तेवढा हक्क आहे.

वकील मिळणाऱ्या रकमेचे टक्के मागत असतील तर ते बार कौन्सिलच्या नियमात बसत नाही, ठरलेली फी बोला. परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, महिलांना आणि मुलांना तिथं उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो.

निकालात तुमचा वाटा जास्त धरला असेल तर कलम १७३ खाली ९० दिवसांत हायकोर्टात अपील करता येतं, वादातली रक्कम एक लाखाच्या आत नसेल तर. निकालाची प्रमाणित प्रत त्याच दिवशी अर्ज करून मागा आणि अपीलाच्या वकिलाकडे जाताना पंचनामा, नकाशा, सगळ्या साक्षी सोबत न्या, टक्के कमी होणार असतील तर त्या कागदांतूनच होतील.